टेलिफोनच्या पिनांतलं सोनं

जुन्या टेलिफोनच्या प्लेटांत, रेडिओच्या पिनांत सोनं असतं का, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. असतं. मी स्वतः कसोटीच्या दगडावर घासून बघितलंय, माझ्या हातानं वेगळं काढलंय. आणि त्यापायी माझा धाकटा भाऊ गेला. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते. ताकास तूर लागू न देता गोष्ट लांबवत नेणं मला आजवर जमलं नाही, आणि आता या वयात कशाला शिकू?

आमचं मूळ गाव संतपूरकडचं. आम्ही बौद्ध झालो त्या साली आप्पांनी गावकीचं काम सोडलं. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाले. मग गावानं आम्हाला रानातलं काम बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली, बोलणंसुद्धा बंद केलं. आमचा मुलूख तेव्हा म्हैसूर राज्यात नवा नवा गेला होता, कचेरीतल्या माणसाला आमची भाषा कळत नव्हती आणि आम्हाला त्याची. दाद मागायची तर कुठं? आप्पांनी आईला आणि मला घेतलं, डोक्यावर एक ट्रंक घेतली आणि बसवकल्याण गाठलं. मी सहा वर्षांची होते. भाऊ जन्मायला अजून चार वर्षं होती.

बसवकल्याणात एक म्हातारे मुसलमान चाचा होते. त्यांच्याकडून आप्पा एक अजब धंदा शिकले. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा आणि त्यातून सोनं काढायचं. असं काम करणाऱ्याला झारेकरी म्हणतात. सोनार कानशीनं दागिना घासतो, त्याचे बारीक कण उडतात. ते बैठकीच्या चटईत जातात, भट्टीच्या राखेत जातात, सोनारानं हात धुतलेल्या पाण्याच्या गाळात जातात. वर्षाकाठी हे सगळं आम्ही उचलून आणायचो. चटया जाळायच्या, राख चाळायची, गाळ वाळवून कुटायचा. मग नाल्यावर बसून लाकडी पाटीत धूत राहायचं, हलकी माती वाहून जाईपर्यंत. खाली जो काळा गाळ उरतो त्यात पारा घालून मळायचा. पारा सोनं धरतो. तो फडक्यातून पिळला, विस्तवावर उडवला, की मागं पिवळा खडा उरतो. गल्लीतले लोक आम्हाला नावं ठेवायचे, सोनाराची घाण धुणारे म्हणायचे. आप्पा मात्र ताठ मानेनं फिरायचे. कुणापुढं हात पसरला नाही, मातीतून काढलं आणि खाल्लं, असं ते मला दहादा ऐकवायचे.

या कामात एक नियम होता आणि तो माझ्यामुळं झाला होता. मी आठ वर्षांची असेन. आप्पांनी एका सोनाराच्या जुन्या चटया जाळून त्यांची राख मागच्या खोलीत चाळायला पसरली होती. मी बाहेरून पळत आले आणि धाडकन दार उघडलं. चैत्राचे दिवस, गल्लीत वावटळ उठलेली. ती माझ्या मागोमाग आत शिरली. क्षणात सगळी राख छपराला लागली आणि खिडकीतून निघून गेली. आप्पांनी मला मारलं नाही. ते डोक्याला हात लावून मटकन खाली बसले. त्यांनी मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

तेव्हापासून ठरलं. सोनं उघडं असलं की एक माणूस आत, एक माणूस बाहेर. खिडकीत आणि दाराच्या फटीत ओलं गोणपाट ठासायचं. कडी बाहेरच्या माणसानं लावायची. आतल्याला बाहेर यायचं असलं तर त्यानं दार वाजवायचं, पण उघडायचं की नाही ते बाहेरच्यानं ठरवायचं. आतल्याला वारं दिसत नाही, बाहेरच्याला दिसतं. बाहेरचं माणूस म्हणजे मी. आई पुढं भावाला अंगणात रांगता सोडून वारली, आणि त्याला काखोटीला मारून मी दारापाशी उभी राहायचे. तिसेक वर्षं मी ते दार सांभाळलं. एकदाही सोनं उडू दिलं नाही. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

मी सातवीपर्यंत मराठी शाळेत गेले. लग्न झालं, दोन वर्षांत सासर सुटलं. तोंड फटकळ आहे म्हणून सोडलं असं ते म्हणाले. ते बरोबरच होतं. परत आले ती भावाची आई होऊनच. त्याला न्हाऊ घातलं, शाळेत ओढत नेलं, खोट्या पोटदुखीला खरा मार दिला. आप्पा थकले तसं नाल्यावरचं काम माझ्याकडं आलं. भाऊ गुलबर्ग्याला रेडिओ दुरुस्तीचं शिकला आणि परत येऊन बसस्टँडजवळ त्यानं टपरीएवढं दुकान टाकलं. उमरग्याच्या, सोलापूरच्या एसटीतून उतरणारी माणसं काखेत बिघडलेला ट्रान्झिस्टर घेऊन आधी त्याच्याकडं यायची, मग बाजारात जायची. हसतमुख पोरगा. गिऱ्हाइकाशी कानडीत बोलायचा, मुसलमान म्हाताऱ्याशी दखनीत, आणि माझ्याशी भांडताना तिन्ही भाषांत.

आप्पा गेल्यावर आमचा धंदा आटत चालला. सोनार हैदराबादहून तयार दागिने आणायला लागले. घासणंच नाही तर केर कुठला? मी मात्र पहाटेपासून नाल्यात बसायचं सोडलं नव्हतं. गुडघे सुजायचे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. भाऊ रोज कुरकुर करायचा.

"अक्का, बस्स कर की आता. काय मिळायलंय त्या मातीत?"

"तुझी शाळा मिळाली त्यात," मी म्हणायचे.

गावात टीव्ही नवे नवे आले होते त्या सालची गोष्ट. एक दिवस बघते तर तो हातगाडीवर तीन पोती घालून आणायलाय. म्हटलं, काय आणलं रे हे मढं? गुलबर्ग्याच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं जुन्या टेलिफोन यंत्रातल्या प्लेटा आणल्या होत्या. प्रत्येक प्लेटेच्या कडेला कंगव्यासारख्या पिनांची रांग.

"अक्का, ह्या पिनांवर सोन्याचं पाणी असतंय. गंजू नये म्हणून लावत्येत."

"डोंबल तुझं! सोनं काय असं रस्त्यावर पडलंय?"

"तू बघ तरी. तुझा दगड काढ."

मी कसोटीचा दगड काढला, निव्वळ त्याची खोड मोडायला. एक पिन घासली. पिवळी रेघ उठली. पितळेची पण उठते, म्हणून तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. पितळ असतं तर रेघ विरून गेली असती. ही राहिली. मी दुसरी पिन घासली, तिसरी घासली. रेघा हलेनात. तिसेक वर्षं मी सोनं ओळखत होते, मला कुणी फसवू शकत नव्हतं.

"हाय," मी म्हणाले. "सोनंच हाय."

त्यानं मला उचलून गरकन फिरवलं. मी त्याच्या पाठीत धपाटे घालत होते आणि हसत होते. दगड माझा, निवाडाही माझाच. मी त्या दिवशी नाही म्हणाले असते, खोटं बोलले असते, तर त्यानं ती पोती परत केली असती. माझ्या शब्दाबाहेर तो नव्हता.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं कधीच नव्हतं. दुपारी तो दुकान बंद करून जेवायला आला की आम्ही अंगणात पोतं पसरून बसायचो आणि पक्कडीनं पिना तोडायचो. तो एक ट्रान्झिस्टर लावून ठेवायचा. मी त्याच्या लग्नाचं काढायचे. हुमनाबादकडची एक मुलगी बघून ठेवली होती मी.

"तुझ्यासारखी तोंडाळ नको बग, अक्का. एका घरात दोन झाल्या तर मी जातो कुठं?"

"तू दुकानात झोप."

"मग ती पोरगी तुझ्याच हवाली! बिचारी चार दिसात पळून जाईल."

पिनांचा ढीग वाढत होता. डब्यात हात घातला की गार लागायच्या, खळखळायच्या. त्यानं एकदाच मला मनातलं सांगितलं. पिना मोजत नव्हता, नुसता बोटांत फिरवत होता. म्हणाला, "हे जमलं ना, तर तुला नाल्यात बसू देणार न्हाई. एक दिवस बी न्हाई." मी म्हटलं, लई शहाणा झालास. पण ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

सोनं काढायचं कसं ते त्यानं गुलबर्ग्याला कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. पिना तेजाबात घालायच्या. तेजाब तांबं खातं, पितळ खातं, सोन्याला हात लावत नाही. सगळं विरघळलं की सोन्याचे पापुद्रे तेवढे उरतात. तेजाब मला नवं नव्हतं. आप्पा वापरायचे, पण शिंपलीभर. नाक बाजूला करून, मान वळवून. हे तर चिनीमातीच्या मोठ्या बरणीत होतं, लोणच्याच्या बरणीत. त्याचा धूर केवढा निघेल हे ना त्याला ठाऊक होतं ना मला. त्याला तारा जोडायचं ठाऊक, मला माती धुवायचं. दोघं आपापल्या कामात हुशार, आणि त्या हुशारीच्या मधोमध हा खड्डा.

आत मी बसते म्हणाले होते. तो ऐकेना.

"तू दार बघ. दार तुझ्यासारखं कुणाला बघता येतंय?"

मी गोणपाट भिजवलं. खिडकीत ठासलं, फटीत ठासलं. बाहेर येऊन कडी लावली. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. चैत्रच होता. लिंबाचा मोहर गळायला लागला होता आणि गल्लीच्या टोकाला धुळीचे भोवरे उठत होते. मी दाराला पाठ लावून बसले. आतून शेगडीवर बरणी सरकवल्याचा आवाज आला, मग फसफस ऐकू आली. थोड्या वेळानं तो खोकला. मला वाटलं, ठसका लागला.

मग त्यानं दार वाजवलं. "अक्का, उघड."

मी गल्लीकडं बघितलं. एक वावटळ आमच्या दिशेनं येत होती. कागद, पाचोळा, धूळ, सगळं गरगर वर चढलेलं. मी म्हणाले, "थांब. वारं हाय."

तो परत खोकला. "अक्का, उघड की."

"थांब म्हटलं ना! सगळं उडून जाईल."

वावटळ आमच्या दारावरून गेली. माझ्या डोळ्यांत माती गेली, मी पदरानं डोळे पुसले. मागोमाग दुसरी आली. त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा नुसतं "अक्का" म्हणाला. आवाज घोगरा होता. मी दुसरी वावटळ जाऊ दिली. ती चौकाकडं वळून विरली, लिंबाची पानं थांबली, तेव्हा मी उठले आणि कडी काढली.

तांबूस धूर माझ्या तोंडावर आला. घसा जळाला. तो भिंतीला धरून वाकत बाहेर आला, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ. अंगणात बसून खोकत राहिला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्यालाच रागावत होते, नाकाला फडकं कामून बांधलं न्हाईस म्हणून. आणि तो खोकता खोकता हसत होता.

"अक्का, तरंगायलंय. जा, बग. सोनं तरंगायलंय."

धूर ओसरल्यावर मी आत गेले. बरणीत हिरवंनिळं पाणी झालं होतं आणि त्यावर कांद्याच्या सालीपेक्षा पातळ पिवळे पापुद्रे फिरत होते. इतकं सुंदर मी काही बघितलं नव्हतं. मी तिथं उभी राहून बघत बसले. आणि तरीही माझ्या टाळक्यात एक साधी गोष्ट आली नाही. जे सोनं पाण्यात आहे ते वाऱ्यानं कसं उडेल? राख उडते, वाळलेली माती उडते. बरणीतल्या तेजाबातून वावटळ काय नेणार होती? दार दिवसभर सताड उघडं असतं तरी एक पापुद्रा गेला नसता. हे मला चार दिवसांनी सुचलं, आणि तेव्हापासून सुचतंच आहे.

दुपारी तो जेवला. भाकरी, ठेचा, वर ताक. थोडा खोकत होता. "छातीत जरा चरचरायलंय," म्हणाला, आणि दुकानात गेला. संध्याकाळी आला तो हुशारीत होता. उरलेल्या पिना उद्या टाकू म्हणाला. मी पण उद्याच्या गोणपाटाची तयारी करून झोपले.

उजाडता उजाडता त्याला श्वास पुरेना. उठून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ जांभळे. घशातून पाणी गुळगुळल्यासारखा आवाज येत होता. मी शेजारच्या काकूंना उठवलं. त्यांच्या जावयाची जीप होती. त्या स्वतः आमच्याबरोबर बसल्या. बसवकल्याण ते गुलबर्गा हा रस्ता मी शंभरदा केला असेल, पण त्या दिवशी हुमनाबाद काही केल्या येईना. त्याचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं की त्याला जास्त गुदमरायचं, म्हणून मी त्याला छातीशी उभा धरून बसले. मी त्याला शिव्या देत होते. मर मेल्या, जीव खाल्लास माझा, असं म्हणत होते. घाबरले की मला दुसरं काही बोलता येत नाही. त्याला ते ठाऊक होतं. तो माझा हात दाबत होता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, त्याच्याच वयाचा. कानडीत विचारत होता. काय काम करत होतास, कशाचा धूर, किती वेळ. मी सगळं सांगितलं. तेजाब सांगितलं, पिना सांगितल्या. डॉक्टर म्हणाला, हा धूर लगेच मारत नाही, छातीत जाऊन बसतो आणि एका दिवसानं आतून पाणी भरतं. मग त्यानं विचारलं, "खिडकी उघडी होती ना?"

मी नाही म्हणाले.

"आणि दार?"

मी भावाची चादर सारखी करायला लागले. डॉक्टर चिडला. तो जवळजवळ ओरडलाच, "अरे, नुसतं दार उघडं असतं तरी एवढं झालं नसतं! कुणी लावलं होतं दार?"

तेव्हा भावानं नाकातली नळी बाजूला केली. एकेक शब्द ओढून काढत होता. म्हणाला, "मीच. आतून. अक्का घरी न्हवतीच."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, डॉक्टरकडं बघूनच बोलला. लहानपणी माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं की आप्पांना असाच सांगायचा, मी सांडलं म्हणून. त्याला आप्पा मारत नव्हते, मी मार खायचे, हे त्यानं चार वर्षांचा असतानाच हेरलं होतं.

मी बोलायला हवं होतं. बाई गं, एक वाक्य होतं, किती वेळ लागला असता? काकू उभ्या होत्या, डॉक्टर उभा होता. जन्मभर ज्या तोंडानं सगळ्यांना फाडून खाल्लं, ते तोंड त्या दिवशी उघडलं नाही.

दुपारी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. पोलिसानं कानडीत कागद लिहिला आणि मला वाचून दाखवला, मयत इसमानं दार स्वतः आतून बंद करून घेतलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. बरोबर आहे का, म्हणून विचारलं. मी खाली मराठीत सही केली. आमच्या त्या खोलीला आतून कडीच नव्हती. कुणी बघायला आलं नाही.

बरणी तशीच होती. माती देऊन आले, पै-पाहुणे पांगले, तरी ती खोलीत तशीच उभी. दोन-तीनदा वाटलं, न्यावी आणि नाल्यात ओतावी. पण तो गेला होता ज्याच्यापायी, ते मी गटारात घालू? मग उरलेल्या पिनाही टाकल्या. दार उघडं, खिडकी उघडी, मी अंगणात लांब उभी. पापुद्रे फडक्यावर गाळून घेतले, धुतले, वाळवले, टाकणखार घालून मुशीत वितळवले. मूस थंड झाल्यावर उपडी केली. हातावर जो मणी पडला तो ज्वारीच्या दाण्याहून लहान होता.

मी तो आमच्या जुन्या सोनाराकडं नेला. त्यांनी बारका काटा काढला, एका पारड्यात गुंज टाकली, एकात मणी. गुंजेचं पारडं खालीच राहिलं. चांगलं सोनं आहे अक्का, म्हणाले, पण गुंजभरसुद्धा नाही. कुठून आलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीन पोती प्लेटा, तीन महिन्यांच्या दुपारी, माझा भाऊ, आणि गुंजभरसुद्धा नाही. तो मणी विकवला नाही, अंगावर घालवला नाही, टाकूनही देववला नाही. पुडी बांधून ट्रंकेत ठेवला.

वर्ष झालं असेल. हळ्ळीखेडचा एक माणूस आला, खांद्यावर पोतं. बाप्या चाळिशीचा, शेतकरी, पागोटं घामानं भिजलेलं. अंगणात टेकला, पाणी प्याला आणि पोत्याचं तोंड सोडलं. आत टीव्हीच्या, टेलिफोनच्या प्लेटा होत्या.

"अक्का, तुमी ह्यातलं सोनं काढत्या म्हनं. मला शिकवा. हात जोडतो."

"काढत न्हाई," मी म्हणाले. "माझा भाऊ गेला त्यात."

"व्हय, ऐकलं. धुरानं ना? दार लावून बसले व्हते म्हनं आत."

का कुणास ठाऊक, त्या अनोळखी माणसापुढं माझं तोंड उघडलं. मी म्हणाले, "त्यानं न्हाई लावलं. मी लावलं. बाहेरून कडी घातली. त्यानं तीनदा हाक मारली, मी उघडलं न्हाई." मी वाट बघत होते. त्यानं काहीतरी म्हणावं. थुंकावं, शिवी द्यावी, कामून गं बाई असं केलंस म्हणावं. मला ते हवं होतं, वर्षभर हवं होतं.

तो मान हलवत राहिला. "लई वाईट झालं, अक्का," म्हणाला. मग पोत्याकडं बघितलं, जरा संकोचला आणि विचारलंच, "पण निघालं किती?"

"गुंजभर बी न्हाई."

"किती पोत्यात?"

"तीन."

"मग माझं हे एक पोतं म्हंजे काहीच न्हाई की," तो म्हणाला. "अजून जमवून आणतो."

मी त्याचं पोतं उचललं आणि गल्लीत भिरकावलं. प्लेटा लांबवर गेल्या. मला कसला आवेश चढला होता मलाच ठाऊक नाही, मी छाती बडवून ओरडायला लागले, मी लावलं दार, मी मारलं त्याला, मी मारलं! तो माणूस गडबडून प्लेटा गोळा करायला लागला. दारादारांतून बाया धावत आल्या. शेजारच्या काकू सगळ्यांत पुढं. त्यांनी मला धरलं, डोकं पोटाशी घेतलं.

"मी लावलं दार, काकू," मी म्हणाले. "खरं सांगायलेय. मीच लावलं."

"असं बोलू नये गं," काकू म्हणाल्या. त्या पण रडत होत्या. "तू घरी तरी व्हतीस का त्या दिशी? त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय, माझ्यासमोर. मरताना कुणी खोटं बोलतंय का?"

बाया व्हय व्हय म्हणाल्या. भावाच्या दुःखानं अक्काच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं एकजण हळूच म्हणाली. कुणीतरी तांब्या आणला. मी त्यांच्याकडं बघितलं, एकेकीच्या तोंडाकडं बघितलं, आणि पाणी प्याले.